रिपोर्ट नॉर्मल, जळजळ मात्र तशीच: मूत्राशयाच्या जुनाट दुखण्याचं निदान कसं करून घ्यायचं

मी कराडच्या एका पतसंस्थेत कॅशवर बसायचे. कॅशवरून उठायचं म्हणजे ड्रॉवर बंद करा, किल्ली काढा, शेजारच्या टेबलाला सांगा आणि मग जा. दिवसातून तीनदा असं केलं तर कोणी काही म्हणत नाही. मला तासाला दोनदा उठावं लागायला लागलं, तेव्हा रांगेतली माणसं घड्याळ बघायला लागली.

घरात आधी "उन्हाळी लागली असेल" झालं, मग "उष्णता आहे". सब्जा, धण्याचं पाणी, बार्ली सगळं पोटात गेलं. मग डॉक्टर आणि अँटिबायोटिक. आठ दिवस बरं वाटायचं, परत तेच. चार वर्षांत अकरा कोर्स झाले. शेवटी नाव कळलं: इंटरस्टिशियल सिस्टायटिस, म्हणजे संसर्ग नसताना होणारं मूत्राशयाचं जुनाट दुखणं. हल्ली त्याला ब्लॅडर पेन सिंड्रोमही म्हणतात. डॉक्टर मंडळी नुसतं "आयसी" म्हणतात. या चार वर्षांतली किमान तीन वाचली असती, हे मला नंतर कळलं. ती कशी वाचवायची ते खाली लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. गोळी आणि डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील. त्यांच्यासमोर काय घेऊन बसायचं आणि काय विचारायचं, तेवढंच मी सांगू शकते.

थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत जोरात कळ, लघवीतून रक्त, लघवी अजिबात न होणं, किंवा तुम्ही गरोदर असणं, यातलं काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच डॉक्टर गाठा.

१. आधी कल्चर, मग गोळी

सगळ्यात मोठा खड्डा इथेच आहे. लघवीला जळजळ म्हटलं की चिठ्ठीवर अँटिबायोटिक येतं, आणि आपणही मागच्या वेळची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून पाच दिवसांचा कोर्स आणतो. खरोखर जंतुसंसर्ग होता का, हे मग कधीच कळत नाही, कारण गोळी सुरू झाल्यावर केलेल्या कल्चरमध्ये जंतू असले तरी उगवत नाहीत.

लॅबमध्ये दोन तपासण्या असतात. "युरिन रुटीन" तासा-दोन तासांत मिळते, तिच्यात पस सेल्स (पुवाच्या पेशी), साखर, रक्त वगैरे दिसतं. "युरिन कल्चर" वेगळी, तिला दोन-तीन दिवस लागतात, आणि कोणता जंतू आहे व त्याला कोणतं औषध लागू पडतं ते तिच्यात कळतं. तुम्हाला दुसरी हवी आहे. काउंटरवर नाव घेऊन मागा, नाहीतर रुटीनवर भागवलं जातं.

नमुना देताना आधी बाहेरची जागा साध्या पाण्याने धुवा. पहिली धार सोडून द्या, मधली धार डबीत घ्या. डबी लॅबनेच दिलेली, निर्जंतुक केलेली असावी. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. घरून नेणार असाल तर तासाभरात पोचवा, उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवा. मी पहिल्यांदा मधाची बाटली उकळून त्यात नेली होती. रिपोर्टमध्ये तीन प्रकारचे जंतू आले आणि त्यावर पुन्हा एक कोर्स झाला. ते जंतू माझे की बाटलीचे, देव जाणे. एकाच नमुन्यात बरेच जंतू आले तर बहुतेक वेळा नमुना खराब झालेला असतो. अशा वेळी कल्चर परत करून घ्या.

त्रास उसळेल तेव्हा प्रत्येक वेळी असं करा आणि रिपोर्ट फेकू नका. ओळीने तीन-चार वेळा "नो ग्रोथ" आलं की डॉक्टरांचा विचार दुसरीकडे वळतो. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, मूत्राशयाशी जोडलेलं दुखणं किंवा दाब, सोबत वारंवार लघवी, हे सहा आठवड्यांहून जास्त चाललं असेल आणि संसर्ग किंवा दुसरं कारण सापडत नसेल, तर आयसीचा विचार करायचा. त्याच सूचनांत आयसीसाठी दीर्घकाळ अँटिबायोटिक देऊ नयेत, असंही म्हटलेलं आहे.

एक गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची. रुटीनमध्ये पस सेल्स भरपूर आहेत आणि साधं कल्चर मात्र कोरं, असं वारंवार होत असेल तर मूत्रमार्गाच्या टीबीची तपासणी झालीच पाहिजे. टीबीचा जंतू साध्या कल्चरमध्ये उगवत नाही. त्यासाठी ओळीने तीन दिवस सकाळची पहिली लघवी देतात आणि सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकं शोधणारी तपासणी) व टीबीचं वेगळं कल्चर करतात. त्या कल्चरला सहा ते आठ आठवडे लागतात. टीबीने मूत्राशय आकसत जातं. ते वेळेत कळलं तर औषध आहे. म्हणून हा प्रश्न डॉक्टरांनी काढला नाही तर तुम्ही काढा.

२. तीन दिवसांची वही

माझं निदान ज्या एका गोष्टीने पुढे सरकलं, ती दोनशे पानी वही होती. मशीन नव्हतं.

मापाचा एक प्लास्टिकचा मग घ्या, पाचशे मिलीपर्यंत खुणा असलेला. तो फक्त यासाठीच ठेवा. तीन दिवस, दिवस-रात्र, प्रत्येक वेळी लिहायचं: किती वाजता, किती मिली, जाण्याआधी दुखणं दहापैकी किती, गेल्यावर किती. दुसऱ्या बाजूला काय प्यालात, किती, कधी. बायकांनी पाळीचा दिवसही लिहावा. ओळीने तीन दिवस जमत नसतील तर सुट्टीचे दिवस धरा, पण रात्र गाळू नका.

माझ्या वहीतला एक दिवस असा होता: चोवीस तासांत तेवीस वेळा, त्यातल्या पाच रात्रीच्या. दर वेळी साठ-सत्तर मिली. सवयीने खाली बेरीज मारली, तर दीड लिटरच्या आसपास. चारचौघांचीही तेवढीच होते. म्हणजे मी पाणी जास्त पीत नव्हते, लघवी जास्त तयार होत नव्हती, मूत्राशयच साठवून ठेवत नव्हतं. एरवी त्यात तीनशे ते पाचशे मिली सहज मावतं. दर वेळी तीनशे-चारशे मिली होत असेल आणि तरी पंधरा वेळा जावं लागत असेल, तर कारण निराळं असतं. तेव्हा आधी मधुमेह बघतात.

दुखण्याचा आलेखही वहीतच दिसतो. मूत्राशय भरत जाईल तसं ओटीपोटात दुखणं वाढतं आणि लघवी झाल्यावर थोडा वेळ बरं वाटतं, ही आयसीची ओळखीची चाल. संसर्गात जळजळ मुख्यतः लघवी होताना असते. "आता गळेल" या भीतीने धावावं लागतं, पण दुखत नाही, असं असेल तर ते बहुधा अतिक्रियाशील मूत्राशय. त्याची औषधं वेगळी. मला वर्षभर त्याचीच गोळी दिली होती. तोंड कोरडं पडलं, बद्धकोष्ठ झालं, दुखणं होतं तिथेच राहिलं.

३. फाईल

प्लास्टिकच्या कप्प्यांची फाईल घ्या आणि तारखेप्रमाणे लावा:

- सगळे कल्चर रिपोर्ट, "नो ग्रोथ"वालेसुद्धा. किंबहुना तेच आधी.
- युरिन रुटीन, रक्तातली साखर, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी).
- सोनोग्राफीचे रिपोर्ट.
- आजवर घेतलेल्या औषधांची यादी: नाव, किती दिवस, फरक पडला की नाही. नाव आठवत नसेल तर रिकामी पाकिटं आणा, फोटो काढा.
- आधीची ऑपरेशन्स, बाळंतपणं, गर्भाशय काढलं असेल तर त्याचा कागद.
- तीन दिवसांची वही.
- आधार, रेशनकार्ड, विम्याचं कार्ड.

वर एक पानभर गोषवारा हाताने लिहा. कधी सुरू झालं, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, काय काय करून झालं. ओपीडीत तुम्हाला सात-आठ मिनिटं मिळतात. चार वर्षांची कहाणी तोंडी सांगायला लागलात तर दुसऱ्या वर्षातच ती संपतात.

कुठे ॲडमिट झाला असाल आणि कागद हाती नसतील तर त्या दवाखान्याकडे लेखी मागा. मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

४. जायचं कोणाकडे

इथे बरेच जण चुकतात, मीही चुकले. "किडनीचे डॉक्टर" म्हणून नेफ्रॉलॉजिस्टकडे गेले. नेफ्रॉलॉजिस्ट मूत्रपिंडाचं काम, डायलिसिस वगैरे बघतात. मूत्राशय बघणारा युरॉलॉजिस्ट. पाटीवर एम.सीएच. युरॉलॉजी किंवा डीएनबी युरॉलॉजी असतं. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येते.

पण प्रत्येक युरॉलॉजिस्टचा हात आयसीवर बसलेला नसतो. बहुतेकांचा दिवस मूतखडा आणि प्रोस्टेटमध्ये जातो. अपॉइंटमेंट घेताना फोनवरच विचारा: "डॉक्टर मूत्राशयाच्या दुखण्याचे, आयसीचे पेशंट बघतात का? ब्लॅडर इन्स्टिलेशन करतात का?" इन्स्टिलेशन म्हणजे नळीने थेट मूत्राशयात औषध सोडणं, पुढे सांगते. रिसेप्शनवरच्या ताईंना हा शब्द ओळखीचा असला तर तुम्ही योग्य दारात आहात.

बायकांनी स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही एकदा जावं. एंडोमेट्रिओसिसचं (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढण्याचं) दुखणं आयसीसारखंच भासू शकतं आणि दोन्ही एकत्रही असतात. पाळी गेल्यावर तिथली त्वचा कोरडी पडूनही जळजळ होते, तिच्यावर साधं मलम असतं. पुरुषांना हाच त्रास झाला की बहुतेक वेळा "प्रोस्टेटला सूज" म्हणून महिनोन्महिने औषध चालतं. त्यांनीही मूत्राशयाबद्दल विचारावं.

पैशांची अडचण असेल तर सरकारी आणि पालिका रुग्णालयं आहेत: मुंबईत केईएम, शीव, नायर, जे. जे., नागपूरला सुपर स्पेशालिटी, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. युरॉलॉजीची ओपीडी रोज असेलच असं नाही. आधी वार विचारा आणि केसपेपरच्या रांगेत सकाळी लवकर लागा. रांगेत उभं राहायला सोबत कोणीतरी हवंच, कारण तुमचा नंबर येईल नेमका तेव्हाच तुम्हाला जावं लागणार.

५. पहिली भेट

लाजू नका, हे सांगणं सोपं. मी पहिल्या भेटीत "थोडं खाली दुखतं" एवढंच बोलले होते आणि सोनोग्राफी नॉर्मल आल्यावर "मनाला लावून घेऊ नका" ऐकून परत आले. नंतर पुण्यातल्या ज्या डॉक्टरांकडे गेले, त्यांच्यासमोर मात्र वही उघडी ठेवली. त्यांनी पान उलटलं, रात्रीच्या आकड्यांवर पेन टेकवलं आणि विचारलं, "झोप किती होते?" चार वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

संबंधांच्या वेळी दुखत असेल तर तेही सांगा. निदानासाठी ते लागतं. तोंडाने जमत नसेल तर गोषवाऱ्यात लिहून ठेवा. आतून तपासणी होऊ शकते. पुरुष डॉक्टर असतील तर तपासताना दुसरी स्त्री हजर असावी, हा तुमचा हक्क आहे. मागायला संकोच नको.

६. तपासण्या: कशासाठी काय

आयसी आहे असं छातीठोक सांगणारी एक तपासणी नाही. बाकीची कारणं एकेक करून वगळतात, आणि जे उरतं ते हे. त्यामुळे "अजून किती तपासण्या!" म्हणून वैतागू नका, पण प्रत्येक तपासणी कशासाठी ते विचारा.

केयूबी, म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंतच्या सोनोग्राफीत खडा, गाठ, किडनीची सूज दिसते. लघवी करून आल्यावर परत बघून किती शिल्लक राहिली तेही मोजतात, त्याला पीव्हीआर म्हणतात. सोनोग्राफीसाठी "पाणी पिऊन लघवी रोखून ठेवा" सांगतात. आमच्यासारख्यांना ती शिक्षाच. आत गेल्याबरोबर तंत्रज्ञांना सांगा की मला फार वेळ रोखता येत नाही. बहुतेक जण नंबर पुढे घेतात.

युरोफ्लोमेट्रीत एका भांड्यात लघवी करायची, धारेचा वेग मशीन काढतं. दुखत नाही. युरोडायनॅमिक्समध्ये नळी घालून दाब मोजतात. ती प्रत्येकाला लागत नाही, सांगितली तर कारण विचारा. लघवीत रक्त आलं असेल, वय चाळिशीच्या पुढे असेल, बिडी-सिगारेटची सवय असेल तर कर्करोग नाही ना हे बघायला लघवीची सायटॉलॉजी (लघवीतल्या पेशींची तपासणी) आणि दुर्बीण टाळू नका.

७. दुर्बीण, म्हणजे सिस्टोस्कोपी

मूत्रमार्गातून बारीक दुर्बीण घालून मूत्राशय आतून बघतात. कधी जागा बधिर करणारी जेली लावून, कधी भूल देऊन. आयसी वाटत असेल तर भुलेखाली मूत्राशय पाण्याने थोडा वेळ फुगवूनही बघतात आणि त्यात किती मावतं ते मोजतात.

काही जणांच्या मूत्राशयात लालसर व्रणासारखे चट्टे सापडतात. अमेरिकेतले डॉक्टर गाय हनर यांनी १९१५ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून "हनर लेजन". ते थोड्याच रुग्णांत असतात. पण ज्यांच्यात असतात त्यांना ते जाळून किंवा तिथे स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन चांगला आराम पडू शकतो. म्हणून टेबलावर जाण्याआधी हा प्रश्न विचाराच: "हनर लेजन दिसलं तर याच भुलेत उपचार करणार का? बायोप्सी घेणार का?" नाहीतर दुसऱ्यांदा भूल, दुसऱ्यांदा बिल. चट्टे दिसले नाहीत म्हणजे आयसी नाही, असंही नसतं. मला दिसले नाहीत.

त्याआधी ताजं कल्चर कोरं हवं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. भूल असेल तर रात्रीपासून उपाशी. नंतर एक-दोन दिवस जळजळ आणि गुलाबी लघवी होते, त्याला घाबरू नका. गाठी पडल्या, ताप आला किंवा लघवी अडली तर मात्र लगेच फोन. डिस्चार्ज कार्डावर मूत्राशयाची क्षमता किती मिली आणि लेजन दिसलं की नाही, हे दोन्ही लिहून घ्या. पुढचा प्रत्येक डॉक्टर तेच विचारतो.

८. नाव मिळाल्यावर

औषध एका फटक्यात लागू पडत नाही. एकेक करून बघावं लागतं, आणि प्रत्येकाला काही आठवडे द्यावे लागतात. दर दोन आठवड्यांनी डॉक्टर बदलणं ही इथली मोठी चूक.

मला रात्री ॲमिट्रिप्टिलीन दिली, अगदी थोडी, दहा मिलिग्रॅम. मेडिकलवाल्याने पाकीट देताना आवाज खाली आणून विचारलं, "वहिनी, ही डिप्रेशनची गोळी आहे, माहीत आहे ना?" मी ती तीन आठवडे कपाटात ठेवली. मग डॉक्टरांना विचारलं, तेव्हा कळलं की कमी डोसमध्ये ती मज्जातंतूंचं दुखणं शांत करते, शिवाय झोपही देते. सुरुवातीला सकाळी डोकं जड राहतं, तोंड कोरडं पडतं. स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका.

पेंटोसन पॉलिसल्फेट नावाची कॅप्सूल अनेकांना देतात. ती वर्षानुवर्षं घेणाऱ्यांपैकी काहींच्या डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झाल्याचं आढळलं, आणि २०२० पासून अमेरिकेत तिच्या माहितीपत्रकात तसा इशारा आहे. सुरू करण्याआधी आणि चालू असताना डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. हे मला कोणी आपणहून सांगितलं नव्हतं.

इन्स्टिलेशन म्हणजे बारीक नळीने औषध थेट मूत्राशयात सोडणं. बहुधा आठवड्यातून एकदा, काही आठवडे. डीएमएसओ नावाचं औषध दिलं तर दिवसभर अंगाला-तोंडाला लसणासारखा वास येतो. त्या दिवशी लग्नाला जाऊ नका.

आणि केगेल व्यायाम, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम. मोबाइलवर लघवीच्या त्रासावर काहीही शोधलं तरी हेच समोर येतं. आयसीत ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बरेचदा आधीच आवळलेले असतात. ते आणखी आवळून दुखणं वाढतं. मी दोन महिने नेमाने केले आणि वाढवून घेतलं. इथे ते सैल सोडायला शिकवणारा फिजिओथेरपिस्ट हवा. पेल्व्हिक फ्लोअरचं काम करणारा आहे का, असं विचारून जा.

९. खाणंपिणं

चहा, कॉफी, टोमॅटो, लिंबू-संत्र्यासारखी आंबट फळं, तिखट, सोड्याची पेयं, दारू यांनी अनेकांचा त्रास वाढतो. पण सगळ्यांचा सगळ्याने वाढत नाही. सगळं एकदम कायमचं बंद करून मऊ भातावर राहू नका. दोन-तीन आठवडे हे सगळं थांबवा, मग एकेक पदार्थ तीन-तीन दिवस परत आणा आणि वहीत लिहा. मला चहा आणि चिंच बाधते. कोकम चालतं, ठेचा बोटभर चालतो. क्रॅनबेरीची पावडर आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्या "लघवीसाठी चांगल्या" म्हणून देतात, पण दोन्ही आंबट. माझी रात्र त्यांनी खराब केली. जळजळ होते म्हणून तीन-चार लिटर पाणी पिणं आणि जावं लागतं म्हणून पाणीच न पिणं, दोन्ही चूक. घट्ट लघवी जास्त जाळते.

१०. पैसे आणि कागद

मेडिक्लेममध्ये ओपीडीची औषधं सहसा बसत नाहीत, दुर्बीण डे-केअरमध्ये बसू शकते. आधी टीपीएकडून (विमा कंपनीच्या वतीने दावे बघणाऱ्या संस्थेकडून) लेखी विचारून घ्या. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ठरावीक उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात, त्यांना चिठ्ठी आणि रेशनकार्ड दाखवून "हे यात बसतं का" असं दाखल होण्याआधी विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो.

११. प्रवास आणि नोकरी

कराड-पुणे एसटीत मी दाराजवळची सीट धरते आणि चढतानाच कंडक्टरला सांगते: "दादा, तब्येतीचं आहे, साताऱ्याला पाच मिनिटं द्या." आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. खंबाटकी घाटाच्या आधी जाऊन यायचं, मग गरज असो नसो. निघायच्या दोन तास आधी चहा नाही.

डॉक्टरांकडून एक सर्टिफिकेट घ्या, दोन ओळींचं पुरे: पेशंटला वारंवार स्वच्छतागृहात जावं लागतं, त्याची मुभा असावी. आजाराचं नाव त्यात नको असेल तर तसं सांगा. मी ते तीन महिने पर्समध्ये घेऊन फिरत होते. शेवटी दिलं, तर मॅनेजरनी वाचलं, घडी घातली आणि दुसऱ्या दिवशी मला कॅशवरून ठेवींच्या टेबलावर बसवलं. ते टेबल मागच्या दाराशेजारी आहे.